काचेपलीकडचा

आमच्या घरी जिवंत मासे आले ते 2001 च्या उन्हाळ्यात. त्याआधी मासा म्हणजे तव्यावरचा, एवढेच आमचे ज्ञान. उजनी धरणातली चिलापी अब्बा बाजारातून आणत आणि अम्मी हळद, मीठ, लाल तिखट लावून ती तळत असे. ही चिलापी सिक्लिड नावाच्या कुळातली, गोव्यात ज्याला काळुंदर आणि केरळात करीमीन म्हणतात तो मासाही त्याच कुळातला, आणि पुढे आम्ही ज्यांच्यापायी रात्री जागवल्या ते पट्ट्यापट्ट्यांचे मासेही त्याच कुळातले, हे आम्हांला फार उशिरा कळले.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे भाऊ. एकाच घरात राहतो. माशांच्या बाबतीत जे बरेवाईट घडले त्यात दोघांचा हात सारखाच होता, आणि त्या निमित्ताने आणखी जी गोष्ट सांगणार आहोत तिच्यातही. म्हणून हे एकवचनात लिहिता येत नाही.

धाकट्याचा मुलगा टायफॉइडमधून उठला होता. तुला काय पाहिजे म्हणून विचारले तर तो म्हणाला, मासे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची टाकी आणली. दुकानदार तेलुगू भाषक, वयाने मोठे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. आम्ही म्हणालो, ‘अण्णा, सोलापूरच्या जड पाण्यात टिकेल असं काहीतरी द्या.’ त्यांनी राखाडी अंगावर उभे काळे पट्टे असलेले दोन मासे पिशवीत घालून दिले. मध्य अमेरिकेतल्या नद्या-ओढ्यांतला हा मासा. जुन्या काळच्या कैद्यांच्या पट्ट्यांच्या कपड्यांवरून इंग्रजीत त्याला ‘कन्व्हिक्ट’, म्हणजे कैदीच म्हणतात. ‘जोडी आहे,’ अण्णा म्हणाले, ‘मोठा तो नर, लहान ती मादी.’

तिसऱ्या दिवशी दोघांनी एकमेकांचे जबडे पकडले. मुलाला वाटले, मुके घेत आहेत. चौथ्या दिवशी सकाळी लहान मासा तरंगत होता. शेपटीचा निम्मा भाग गेलेला. अम्मीने त्याला जास्वंदीच्या बुडाशी पुरायला लावले. ती मादी नव्हतीच. वयाने लहान असलेला दुसरा नर होता.

तेव्हापासून आम्ही ह्या विषयाच्या मागे लागलो. नर कोणता आणि मादी कोणती हे ओळखणे दिसते तितके सोपे नाही. मोर, कोंबडा पाहून आपली समजूत अशी की, रंगीत तो नर. अण्णाही तेच धरून चालत. कन्व्हिक्टमध्ये हे उलटे आहे. वयात आलेल्या मादीच्या पोटावर दोन्ही बाजूंनी नारिंगी झाक चढते. नर बिचारा राखाडीचा राखाडी. नर अंगाने मोठा होतो, त्याच्या पाठीवरच्या आणि पोटाखालच्या परांची टोके लांब, अणकुचीदार होत जातात आणि वय झाले की कपाळावर टेंगूळ येते. पण ही सगळी लक्षणे मोठेपणीची. बोटाच्या दोन पेरांएवढ्या पिल्लात काहीही सांगता येत नाही. सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे अंडी घालायचे दिवस जवळ आले की पोटाखाली, गुदद्वाराजवळ, एक बारीक नळी बाहेर येते. नराची बारीक आणि टोकदार, मादीची रुंद आणि बोथट. ओल्या हाताने, ओल्या फडक्यावर मासा क्षणभर उलटा धरून ती पाहायची आणि लगेच पाण्यात सोडायचा. आम्ही हे शिकलो, आणि पुढे अण्णांनाही शिकवले. त्यांनी कमीपणा मानला नाही.

पण नर आणि मादी ओळखता आली म्हणजे जोडी जमली असे नाही. आपण निवडलेला नर आणि आपण निवडलेली मादी एका काचेत कोंडली, तर बऱ्याच वेळा मादी मरते. ह्यावर जाणकारांचा उपाय साधा आहे. पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवायची. मोठी होता होता त्यांतली दोन आपणहून एक कोपरा धरतात. जोडी आपण लावायची नाही, त्यांनी लावायची.

हे आम्ही घरात मोठ्या कौतुकाने सांगितले. म्हणालो, ‘आपल्याकडे निकाहातही आधी मुलीची रजामंदी विचारतातच की.’

आपा मशीनवर बसली होती. मान वर न करता म्हणाली, ‘विचारतात. पण उत्तर ऐकायला थांबतं कोण?’

आपा आम्हां दोघांपेक्षा मोठी. त्या वेळी ती चार दिवसांसाठी माहेरी आली होती, असे आम्ही समजत होतो.

सहा पिल्लांतून हिवाळ्यात एक जोडी जमली. आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीचा त्यांनी ताबा घेतला आणि उरलेल्या चौघांना समोरच्या वरच्या कोपऱ्यात दाबून ठेवले. अर्ध्या टाकीत दोघे, वीतभर जागेत चार. त्यांना बाहेर काढावे लागले. तीन अण्णांना परत दिले. एक नर घेतला नाही त्यांनी. तो मोठ्या बरणीत ठेवला. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

कुंडीच्या आतल्या छताला मादीने अंडी चिकटवली. रात्रंदिवस ती त्यांच्यावर परांनी वारा घालत होती आणि नर दाराशी फिरत होता. तीन दिवसांत अंडी फुटली. आणखी पाच-सहा दिवसांनी पिल्ले पोहायला लागली. धुळीच्या लोटासारखी ती शंभरेक पिल्ले, त्यांच्या एका बाजूला आई, एका बाजूला बाप. काचेवर बोट ठेवले तरी नर धावून येई. असरची नमाज झाली की अम्मी तसबीह घेऊन टाकीसमोर बसे. म्हणे, ‘बाप ऐसा होना.’

पुढे मे महिना आला. सोलापूरचा मे काय असतो ते वाचकांना सांगायला नको. टाकीतले पाणी कोमट झाले. पिल्ले मोठी झाली म्हणून आम्ही ती अण्णांकडे दिली, आणि त्याच आठवड्यात नर मादीवर उलटला. उष्ण पाण्यात त्याला लगेच पुन्हा अंडी हवी होती, आणि तिचे अंग अजून भरले नव्हते. ज्याने तिच्या शेजारी उभे राहून महिनाभर पहारा केला, तोच तिला कुंडीत येऊ देईना. तिचे पर फाटले, बाजूचे खवले निघाले. पंपाच्या नळीमागे, पाण्याच्या अगदी वरच्या थराला, ती तिरकी होऊन लटकत राही. मासा असा वरच्या कोपऱ्यात लटकलेला दिसला की समजावे, त्याला खाली जागा उरलेली नाही.

अम्मी म्हणाली, ‘कायकू रखे रे उसकु उसके साथ? मार डालता उनो. निकाल उसकु.’

आम्ही म्हणालो, ‘जरा थांब अम्मी. होईल शांत. जोडी आहे ती.’

हे बोलताना आपा खोलीत होती. ह्या वेळी ती चार दिवसांसाठी आलेली नव्हती. 2002 च्या जानेवारीत ती तिसऱ्यांदा परत आली होती आणि येताना शिलाई मशीन घेऊन आली होती. त्यावरून आम्ही काय ते समजलो. त्याआधी दोनदा ती आली, तेव्हा आम्ही दोघांनीच तिला एसटीने पोचवले होते. सब्र कर, हळूहळू सगळे नीट होईल, लोक काय म्हणतील, मुलगी दिल्या घरी बरी असते, हे सगळे आम्हीच बोललो होतो. वयाने मोठ्या बहिणीला, धाकट्या भावांनी. दुसऱ्या वेळी एसटी स्टँडवर तिने विचारले होते, ‘तुम्ही दोघं आत येऊन बसाल का थोडा वेळ?’ आम्हांला शेवटची गाडी गाठायची होती.

मादीला वाचवण्याचा उपाय अण्णांनी सांगितला. ‘ह्यांच्यासमोर एक दुश्मन ठेवा. मधे काच लावा. राग बाहेर निघाला की घर शांत राहतं.’ आम्ही बरणीतला तो सहावा मासा आणला. टाकीच्या एका टोकाला सात-आठ इंचांवर काचेचे पार्टिशन बसवले आणि त्याला पलीकडे सोडला. दोन दिवसांत चमत्कार झाला. नर सारा वेळ काचेशी. पर ताणून, कल्ले फुगवून पलीकडच्याला धमकावायचा आणि वळून मादीकडे आला की शांत. मादी खाली उतरली, खायला लागली. महिन्याभरात दोघांनी पुन्हा अंडी घातली.

हा उपाय अण्णांनी कुठून उचलला माहीत नाही. पण नंतर वाचनात आले की त्याच्यामागे मोठे नाव आहे. कोनराड लॉरेन्झ हा ऑस्ट्रियाचा शास्त्रज्ञ. प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासासाठी 1973 चे नोबेल ज्या तिघांना मिळाले त्यांतला एक. आक्रमकतेवरचे त्याचे जर्मन पुस्तक 1963 साली आले. त्यात त्याने सिक्लिड माशांच्या जोड्यांबद्दल लिहिले आहे. जोडी एकटी ठेवली की नराचा राग बायकोवर निघतो. शेजारी काचेआड दुसरी जोडी असली की राग तिकडे जातो आणि घरात शांतता नांदते. पुढचा तपशील तर थक्क करणारा. मधल्या काचेवर शेवाळ चढून ती आंधळी झाली, शेजारी दिसेनासा झाला, की पुन्हा नवरा-बायकोची भांडणे सुरू. काच पुसली की शेजाऱ्यांशी भांडण आणि दोन्ही घरांत शांती.

हे वाचून आम्ही खूश झालो होतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला टाकीसमोर उभे करून सांगत होतो.

मग ऑक्टोबर आला. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाने तिकडच्या टीव्हीवर पैगंबरांविषयी वाईट उद्गार काढले. त्याच्या निषेधाचा बंद आपल्या शहरात झाला, आणि बंदाची दंगल झाली. सोलापूरच्या आपल्या वाचकांना 2002 चे ते दिवस आठवत असतील. माणसे गेली, दुकाने जळाली, संचारबंदी लागली. आम्ही सगळे दोन खोल्या आणि बैठक एवढ्या जागेत. खिडकीची फट, टीव्हीची काच आणि माशांची काच, बघायला एवढेच.

एक गोष्ट आम्ही दोघांनीही त्या दिवसांत टिपली, पण एकमेकांना बोललो नाही. आमच्या भिंतीपलीकडे एक कुटुंब राहते. त्या नवरा-बायकोचे भांडण ऐकल्याशिवाय आमचा दिवस मावळत नसे. संचारबंदीत त्यांचा आवाजच नाही. गल्लीत ज्यांचे नळावरून, भिंतीवरून, वाटणीवरून वर्षानुवर्षे पटत नव्हते ते एका ओट्यावर बसून हळू आवाजात बोलत होते. काय बोलत होते? ‘ते’ असे करणार आहेत, ‘त्यांनी’ तसे केले. आमच्याही घरात कुणी कुणावर आवाज चढवला नाही. इतकी एकी आम्ही ईदलाही पाहिली नव्हती. आणि मुख्य रस्त्याच्या पलीकडे, तिकडच्या गल्ल्यांत, अगदी हेच चालले असणार. तिकडच्या ओट्यांवर ‘ते’ म्हणजे आम्ही.

तशात एका दुपारी फोन वाजला. अण्णा होते. आम्ही दचकलो. ते म्हणाले, ‘मंडळी बरी आहेत ना? आणि लाइट जाते का तिकडं? पंप बंद पडला तर घाबरू नका. टाकीतलंच पाणी मगानं घेऊन वरून धार सोडत राहा, हवा मिसळते.’ एवढे बोलून ठेवला. अम्मीने विचारले, कौन था? आम्ही म्हणालो, अण्णा. ती गप्प बसली, मग म्हणाली, ‘भला आदमी.’

पाणी तसेही तीन-चार दिवसांआड यायचे. आता ते कधी येईल ह्याचा भरवसा नव्हता. पिण्याचे भरून ठेवलेले माशांना कुठून देणार? टाकीचे पाणी बदलणे, काच पुसणे सगळे थांबले. टाकी खिडकीशी, ऑक्टोबरचे ऊन थेट आत. मधल्या काचेवर आधीच धरलेले शेवाळ दाट झाले. आणि एका सकाळी आवाज आला, काचेवर काहीतरी आपटल्याचा. नर मादीवर तुटून पडला होता. ती पुन्हा नळीमागे, वरच्या कोपऱ्यात.

काय झाले ते आम्हांला तत्काळ कळले. पुस्तकात वाचलेले डोळ्यांसमोर घडत होते. पलीकडचा दिसेनासा झाला होता. स्पंज घेतला, बाही वर केली. एकदा हात फिरवायचा, मधली काच स्वच्छ, घर शांत.

आपा मागे उभी होती. म्हणाली, ‘पुसलं की हे दोघं गप्प होतील. आणि तो?’

तेव्हा आम्ही त्या तिसऱ्याकडे पाहिले. पाच महिने तो तिथे होता. दाणे तेच, पाणी तेच, आणि त्याला कुणी कधी चावलेले नव्हते. पण त्याचे पट्टे फिकट झाले होते. पोट पाठीला लागले होते. काचेवर धडका देऊन देऊन तोंडाचे टोक सोलून पांढरे पडले होते, वर बुरशीचा कापूस. रोज दोनदा त्याच टाकीत दाणे टाकणाऱ्या आमच्या हातांना, डोळ्यांना हे दिसले नव्हते. आम्ही जोडी बघत होतो.

हात पाण्यात तसाच राहिला. बाहेर रस्त्यावरून पोलिसांची गाडी लाउडस्पीकरवर काही सांगत गेली.

काच आम्ही पुसली नाही. त्या तिसऱ्याला मिठाच्या पाण्याच्या बादलीत काढले. दोन दिवस तो तळाशी बसून होता. संचारबंदी सैल झाली त्या सकाळी मेला. जास्वंदीपाशी खड्डा करताना अम्मीने मांजरीची गोष्ट सांगितली. ती हदीस सगळ्यांना माहीत आहे: एका बाईने मांजर कोंडून ठेवले, खायला दिले नाही आणि स्वतःचे पोट भरायला मोकळेही सोडले नाही, त्यासाठी तिला आग मिळाली. आम्ही म्हणालो, ‘अम्मी, आपण तर त्याला खायला देत होतो. आणि अबू उमैर नावाच्या लहान मुलाकडे एक पाखरू होतं. पैगंबरसाहेबांनी त्याला पाखरू ठेवल्याबद्दल रागावलं नाही, उलट प्रेमानं त्या पाखराची विचारपूस केली.’ अम्मी म्हणाली, ‘हौ. विचारपूस केली ना? तुम्ही केली का ह्याची?’

प्रश्न मादीचा उरला. ह्या वेळी उपाय आपाने काढला. ती तेव्हा शाळेच्या गणवेशांची शिलाई घरी आणून करत होती. कापायचे, मापायचे तिचे डोळे. तिने विचारले, ‘ती लहान आहे ना त्याच्यापेक्षा? मग काच काढा. जाळी लावा आणि जाळीला भोक करा. ती जाईल, तो जाणार नाही, एवढं.’

पुढे कळले की सिक्लिड पाळणारे जाणकार हे करतातच. पण आपाने कुठे वाचले नव्हते. तिने प्लॅस्टिकची जाळी टाकीच्या मापाने कापली, तळापासून दोन बोटे वर एक भोक पाडले आणि त्याची कड तापवलेल्या सुईने गुळगुळीत केली, माशाच्या अंगाला ओरखडा येऊ नये म्हणून. भोकाचे माप नराच्या डोक्यापेक्षा कमी आणि मादीच्या पोटापेक्षा थोडे जास्त. पलीकडच्या बाजूला दुसरी कुंडी ठेवली.

पहिल्याच पाठलागात ती भोकातून पलीकडे गेली. नर आला, डोके घातले, अडकला, मागे सरला. बराच वेळ भोकापाशी उभा राहिला. मग वळला आणि आपली वाळू उकरायला लागला. एवढेच. आमची अपेक्षा होती, तो वेडापिसा होईल. झाला नाही.

तेव्हा जे समजायला हवे होते ते समजले. नदीत हाच मासा आपल्या मादीला हाकलतो, ती चार-पाच हात लांब जाते आणि भांडण तिथे संपते. हरलेला निघून जातो, म्हणून जिंकणाऱ्याला मारत राहावे लागत नाही. दोन फुटांच्या काचेत हरलेल्याला जायला जागाच नाही. समोर दिसते आहे म्हणजे अजून वाकडेपणा करते आहे, असा नराच्या लेखी अर्थ होतो. तो मारतो, ती जात नाही, म्हणून आणखी मारतो. आम्ही मात्र तिच्या तिथेच राहण्याला जोडी म्हणत होतो.

तीनेक आठवड्यांत तिचे पर भरून आले. ती पलीकडे खायची, झोपायची, कधी भोकापर्यंत येऊन परत जायची. मग एका सकाळी तिच्या पोटावर नारिंगी रंग चढलेला दिसला, आणि ती आपणहून भोकातून त्याच्या बाजूला गेली. त्यानंतर अनेक वेळा अंडी झाली, अनेक वेळा तो उलटला, आणि प्रत्येक वेळी ती निघून गेली. ती मेली ती म्हातारी होऊन.

नंतर 2004 मध्ये आम्ही चार फुटांची टाकी घेतली. एका टोकाकडून दुसरे टोक दिसू नये असे दगड रचले, कुंड्या वाढवल्या. नवा मासा सोडायचा तर आधी सगळे दगड हलवायचे, म्हणजे जुन्याचे ‘हे माझे’ पुसले जाते; आणि नवी जोडी करायची तर मादीला आधी राहू द्यायचे, नराला मागून आणायचे, हे शिकलो. वरच्या थराला झेब्रा डॅनिओंचा चपळ थवा सोडला. नर त्यांच्यामागेही धावतो, नाही असे नाही. पण ते हाताला लागत नाहीत आणि त्यांना पळायला जागा असते. ते निर्धास्त फिरत आहेत म्हणजे भोवती संकट नाही, असे बाकीच्यांना वाटते. वर्दळ आणि वैरी ह्यांत फरक आहे.

पिल्ले फार झाली तेव्हा कुणीतरी सुचवले, हिप्परग्याच्या तलावात सोडा, सवाब मिळेल. आम्ही सोडली नाहीत. परक्या पाण्यातला हा मासा एक तर तिथे मरेल, नाहीतर तिथल्यांची जागा घेईल. आफ्रिकेतली चिलापी 1952 साली भारतात आणली गेली, आणि आज उजनीच्या जाळ्यांत काय भरून येते ते भिगवणला जेवायला जाणारा कुणीही सांगेल. सोडून देणे हा प्रत्येक वेळी सुटकेचा मार्ग नसतो. जे ह्याच काचेत राहणार आहेत त्यांना ह्याच काचेत जागा करून द्यावी लागते.

माशांवरून माणसांचा कायदा काढू नये, हेही आम्हांला माहीत आहे. तो मोह मोठ्यामोठ्यांना आवरला नाही. स्वतः लॉरेन्झ 1938 मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला होता; प्राण्यांविषयी इतके बारकाईने पाहणारा माणूस माणसांविषयी इतका चुकू शकतो. मासा काच पुसू शकत नाही आणि पुसायची की नाही हे ठरवूही शकत नाही. ते ज्याच्या हातात स्पंज आहे त्याने ठरवायचे असते. त्या दंगलीनंतर आमच्या गल्लीत आणि रस्त्यापलीकडे काच पुसत राहणारे हात आम्ही पुष्कळ पाहिले. घरातली, जमातीतली, पक्षातली शांतता त्या पुसलेल्या काचेवर चालते, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

आपाला आम्ही परत पाठवले नाही. पण ह्यात आमचा काही मोठेपणा नाही. ती गेलीच नसती. 2003 मध्ये गच्चीवर तिच्यासाठी एक खोली बांधली. जिना बाहेरून काढा, असे तिनेच सांगितले. एकाच घराला दोन जिने कशाला, म्हणून आम्ही थोडी कुरकुर केली. गवंडी समोर उभा होता. आपा काही बोलली नाही, नुसती टाकीकडे बघत राहिली. जिना बाहेरून काढला.

आज अम्मी नाही. अण्णांचे दुकानही उरले नाही. टाकीत आता साधे गप्पी आहेत आणि आपाची ती जाळी माळ्यावर गुंडाळून ठेवली आहे. टायफॉइडमधून उठलेल्या त्या मुलाचे लग्न झाले. सून घरी आली त्या संध्याकाळी आपाने तिला गच्चीवर नेले आणि बाहेरच्या जिन्याची एक चावी तिच्या हातात ठेवली.

‘ठेव बेटी,’ म्हणाली. ‘लागू नये कधी. पण असू दे तुझ्याजवळ.’

मुलीला काही कळले नाही. तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही दोघे भाऊ खाली, टाकीसमोर उभे होतो.